जुन्या भाडेकरूंसाठी स्वतंत्र खोली : डॉसपासून विंडोज ११ पर्यंत एका अदृश्य भिंतीचा इतिहास

१/
सप्टेंबर १९९४ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ३.५ मध्ये, प्रोग्राम सुरू करण्याच्या 'रन' या चौकटीत एक छोटासा रिकामा चौकोन होता. त्याशेजारी लिहिलेले असे : 'रन इन सेपरेट मेमरी स्पेस'. म्हणजे हा प्रोग्राम स्वतंत्र मेमरीत चालवा. त्या चौकोनावर खूण करणारे थोडेच असतील. पण त्यामागे तेरा वर्षांचा एक पेच होता. जुन्या प्रोग्रामना घराबाहेर काढता येत नाही आणि त्यांच्या वागण्याने सारे घर कोसळू देणेही परवडत नाही. मग त्यांना ठेवायचे कसे?

२/
पेचाचे मूळ १२ ऑगस्ट १९८१ या दिवसापर्यंत जाते. त्या दिवशी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यातील इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर १ मेगाबाइट मेमरीपर्यंत पोहोचू शकत असे. त्यातले ६४० किलोबाइट प्रोग्रामसाठी, उरलेली जागा पडदा आणि रॉमसाठी. या मेमरीत कुंपण कुठेच नव्हते. कोणताही प्रोग्राम कोणत्याही पत्त्यावर हवे ते लिहू शकत असे, अगदी डॉस स्वतः जिथे राहत असे त्या जागेवरही.

३/
प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी या मोकळीकीचा पुरेपूर उपयोग केला, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. डॉसला विनंती करून पडद्यावर अक्षर उमटवणे फार संथ होते. पडद्याच्या मेमरीत थेट अक्षरे लिहिली की २५ ओळी आणि ८० रकान्यांचा पडदा क्षणात भरत असे. लोटस १-२-३ सारखे नामांकित प्रोग्राम असेच वेगवान झाले. एका वेळी एकच प्रोग्राम चालत असल्याने शेजाऱ्याला त्रास होण्याचा प्रश्नच नव्हता. वाड्यात भाडेकरू एकच. त्याने कुठेही खिळा ठोकला तरी तक्रार करणार कोण?

४/
इंटेलने १९८२ मध्ये ८०२८६ हा प्रोसेसर आणला. त्यात 'प्रोटेक्टेड मोड' होता : प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचा नेमून दिलेला भाग, आणि त्याबाहेर पाऊल टाकताच प्रोसेसरकडून अटकाव. कुंपण अखेर आले. पण डॉसचे प्रोग्राम या अवस्थेत चालू शकत नव्हते, कारण मेमरीचे पत्ते मोजण्याची रीतच बदलली होती. शिवाय एकदा प्रोटेक्टेड मोडमध्ये गेलेला २८६ प्रोसेसर 'रीसेट' केल्याशिवाय जुन्या अवस्थेत परतत नसे. आयबीएमच्या एटी संगणकात तो रीसेट घडवण्याचे काम चक्क कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपवर सोपवलेले होते.

५/
याच प्रोसेसरसाठी आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ओएस/२ ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. तिची पहिली आवृत्ती १९८७ च्या अखेरीस आली. नव्या प्रोग्रामसाठी तिच्यात सगळ्या सोयी होत्या. जुन्यांसाठी मात्र एकच 'कम्पॅटिबिलिटी बॉक्स'. त्यात एका वेळी डॉसचा एकच प्रोग्राम चाले, तोही समोर असेपर्यंतच. त्या प्रोग्रामसाठी प्रोसेसरला कुंपण नसलेल्या जुन्या अवस्थेत जावे लागत असल्याने त्याचे वेडेवाकडे वागणे सगळी सिस्टीम पाडू शकत असे. वापरकर्त्यांनी या पेटीला 'पेनल्टी बॉक्स' असे नाव ठेवले. जुने प्रोग्राम वापरणे हा जणू दंडनीय अपराधच होता.

६/
उत्तर तोवर प्रोसेसरच्या पुढच्या पिढीत येऊन बसले होते. इंटेलने १९८५ मध्ये आणलेल्या ८०३८६ मध्ये 'व्हर्च्युअल ८०८६ मोड' होता. त्यातील युक्ती अशी : डॉसच्या प्रोग्रामला वाटते की आपण १९८१ च्या यंत्रावर एकटे आहोत आणि १ मेगाबाइट मेमरी आपलीच आहे. प्रत्यक्षात ते पत्ते प्रोसेसर निराळ्याच जागी वळवतो. प्रोग्रामने एखाद्या उपकरणाला थेट हात लावायचा प्रयत्न केला, की प्रोसेसर त्याला थांबवून सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमकडे देतो. ती ठरवते की काम खरोखर करायचे, केल्याचा आव आणायचा, की प्रोग्राम बंद करायचा.

७/
१९८७ च्या विंडोज/३८६ ने ही युक्ती वापरून डॉसचे अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालवून दाखवले. प्रत्येकाला स्वतःचे काल्पनिक यंत्र मिळाले. क्वार्टरडेक कंपनीच्या 'डेस्कव्ह्यू'नेही ३८६ वर हाच मार्ग धरला. एका खिडकीत हिशेब, दुसरीत पत्रलेखन, तिसरीत फाइल पाठवणे, आणि तिन्ही प्रोग्रामना एकमेकांचा पत्ताच नाही. जुन्या भाडेकरूला स्वतंत्र खोली मिळाली होती, आणि आपल्याला वाडाभर मोकळीक आहे हा त्याचा समजही अबाधित राहिला होता.

८/
विसंगती पुढेच आहे. मे १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मध्ये डॉसच्या प्रोग्रामना स्वतंत्र खोल्या होत्या. खुद्द विंडोजसाठी लिहिलेले सगळे प्रोग्राम मात्र एकाच दालनात राहत. मेमरी सामाईक, आणि प्रोसेसरही आपसांतील सामंजस्याने वापरायचा. एका प्रोग्रामने आपले काम आटोपून स्वखुशीने पाळी सोडली तरच दुसऱ्याला पाळी मिळे. वाड्यातील सामाईक नळाचीच ही गत : एकाने घागर लावून नळ अडवून ठेवला की बाकीचे बिऱ्हाडकरू रिकाम्या बादल्या घेऊन उभे.

९/
परिणाम एका पिढीने अनुभवला. विंडोज ३.० मध्ये 'अनरिकव्हरेबल ॲप्लिकेशन एरर' आणि १९९२ च्या ३.१ मध्ये 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट'. एका प्रोग्रामच्या चुकीने दुसऱ्याची मेमरी बिघडे, संदेश भलत्याच प्रोग्रामच्या नावाने येई, आणि न साठवलेले काम गेल्यावर अपराधी कोण हेही कळत नसे. ज्याने चूक केली त्यानेच किंमत मोजावी, एवढीशी न्याय्य गोष्टही सामाईक मेमरीत शक्य नव्हती.

१०/
१९९२ मध्ये आयबीएमने, आता मायक्रोसॉफ्टशिवाय, ओएस/२ ची २.० ही आवृत्ती आणली आणि पेनल्टी बॉक्सचे उट्टे काढले. डॉसची अनेक सत्रे, प्रत्येकाला स्वतंत्र काल्पनिक यंत्र, आणि मेमरी किती, कोणते ड्रायव्हर, यांच्या प्रत्येकासाठी वेगळ्या मांडण्या. विंडोजचे प्रोग्रामही तिच्यावर चालत, आणि हवे तर प्रत्येकाला स्वतंत्र सत्र देता येई. आयबीएमचा दावा होता की ही डॉसपेक्षा सरस डॉस आणि विंडोजपेक्षा सरस विंडोज आहे. भिंतींच्या बाबतीत तरी तो पोकळ नव्हता.

११/
मात्र या यशातच ओएस/२ चे दुखणे होते, असे अनेक समीक्षकांनी पुढे म्हटले. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम ओएस/२ वर चांगला चालत असेल, तर खास ओएस/२ साठी वेगळा प्रोग्राम लिहावा कशाला? विक्रेत्यांनी एकच आवृत्ती लिहिली, ती विंडोजची. जुन्यांना आसरा दिला नाही तर नवे घर ओस पडते. फार चांगला आसरा दिला तर नवे बिऱ्हाड येतच नाही. प्रत्येक नव्या ऑपरेटिंग सिस्टीमला या दोन टोकांमधून वाट काढावी लागली आहे.

१२/
मायक्रोसॉफ्टमध्ये याच काळात एक वेगळी इमारत उभी राहत होती. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवणारे डेव्ह कटलर ऑक्टोबर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले. त्यांच्या नेतृत्वाखाली लिहिलेली विंडोज एनटी जुलै १९९३ मध्ये ३.१ या क्रमांकाने बाहेर पडली. तिचा पाया असा होता की कोणताही प्रोग्राम आपल्या प्रक्रियेच्या, म्हणजे प्रोसेसच्या, सीमेबाहेर काही बिघडवू शकणार नाही. प्रक्रिया मेली तर एकटी मरेल. पण बाजारातील प्रोग्राम तर डॉसचे आणि १६ बिट विंडोजचे. त्यांच्याविना ही भक्कम इमारत रिकामीच राहिली असती.

१३/
उत्तर होते 'एनटीव्हीडीएम', म्हणजे एनटीचे काल्पनिक डॉस-यंत्र. डॉसचा प्रोग्राम सुरू करताच एनटी एक सर्वसाधारण ३२ बिट प्रक्रिया निर्माण करी आणि तिच्या पोटात १९८१ चे जग मांडी : डॉस, बायॉस, पडदा, कीबोर्ड, टाइमर. इंटेलच्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल ८०८६ मोड मदतीला येई. एमआयपीएस किंवा अल्फा या परक्या प्रोसेसरांवर तो नव्हताच. तिथे संपूर्ण इंटेल प्रोसेसरची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये केली जाई. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने इन्सिग्निया या ब्रिटिश कंपनीचे 'सॉफ्टपीसी' तंत्रज्ञान घेतले होते.

१४/
१६ बिट विंडोजच्या प्रोग्रामसाठी याच यंत्रावर आणखी एक थर चढवला गेला, 'वाऊ', म्हणजे विंडोजवरची विंडोज. एनटी ३.१ मध्ये असे सगळे प्रोग्राम मिळून एकाच एनटीव्हीडीएम प्रक्रियेत राहत. तिथला कारभार हेतुपुरस्सर जुन्यासारखाच ठेवला होता : मेमरी सामाईक, पाळी सामंजस्याने. कारण हे प्रोग्राम त्याच वातावरणात वाढलेले होते. एकमेकांच्या मेमरीतील पत्ते देणेघेणे, आपली पाळी कोणी मध्येच हिसकावणार नाही हे गृहीत धरणे, या त्यांच्या सवयी होत्या. सवयी मोडल्या असत्या तर प्रोग्राम मोडले असते.

१५/
या दोन जगांच्या सीमेवर दुभाष्याचे काम चाले. १६ बिट प्रोग्रामने खिडकी मागितली की त्याची विनंती ३२ बिट भाषेत बदलून एनटीकडे जाई. उत्तर पुन्हा १६ बिटांत बसवून परत येई. या रूपांतराला 'थंकिंग' म्हणतात. खिडकी, फाँट, चित्र अशा प्रत्येक वस्तूला सिस्टीम एक ओळख-क्रमांक देते. त्याला 'हँडल' म्हणतात. जुन्या प्रोग्रामला तो १६ बिटांतच समजे. हा किरकोळ वाटणारा तपशील दहाएक वर्षांनी फार महागात पडणार होता.

१६/
एनटी ३.१ ने निम्मी लढाई जिंकली. एखादा १६ बिट प्रोग्राम अडला तरी एनटी आणि ३२ बिट प्रोग्राम चालू राहत. पण सामाईक दालनातील त्याचे सगळे १६ बिट शेजारी खोळंबत. एनटी ३.५ मधला तो चौकोन या उरलेल्या निम्म्या लढाईसाठी होता. त्यावर खूण केली की त्या प्रोग्रामसाठी निराळी एनटीव्हीडीएम प्रक्रिया सुरू होई. त्याची मेमरी वेगळी आणि पाळीही वेगळी. तो कोसळला तर एकटाच कोसळे. आज्ञा टंकणाऱ्यांसाठी 'स्टार्ट' या आज्ञेला 'सेपरेट' हा पर्यायही मिळाला.

१७/
मग तो चौकोन आधीच भरून का ठेवला नाही? कारण खोलीला भाडे असते. प्रत्येक स्वतंत्र प्रक्रियेत जुन्या विंडोजचे सगळे सामान पुन्हा मांडावे लागे, आणि मेमरी तेव्हा महाग होती, एनटी ३.१ लाच किमान १२ मेगाबाइट लागत, तर घरगुती संगणकांत ४ मेगाबाइट हे प्रमाण सर्रास होते. दुसरे कारण अधिक नाजूक होते. जे प्रोग्राम सामाईक मेमरीतूनच एकमेकांशी बोलत, ते भिंत उभी राहताच मुके होत. सुरक्षितता, मेमरी आणि जुने संबंध या तिन्ही गोष्टी एकदम मिळणार नव्हत्या. म्हणून मायक्रोसॉफ्टने हा निर्णय वापरकर्त्याच्या हाती सोपवला.

१८/
२४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ ने याच प्रश्नाचे दुसरे उत्तर निवडले. तिला ४ मेगाबाइटच्या संगणकावर चालायचे होते. म्हणून खिडक्या आणि चित्रे सांभाळणारा बराचसा गाभा १६ बिटच ठेवला गेला. त्या गाभ्यात एका वेळी एकालाच प्रवेश मिळे, आणि त्याच्या दारावरचे कुलूप म्हणजे 'विन१६ म्युटेक्स'. एखादा जुना प्रोग्राम हे कुलूप हाती धरून अडकला, की नव्या ३२ बिट प्रोग्रामच्या खिडक्याही गोठत. भिंत अर्धवट होती, पण घर स्वस्त होते आणि जुने सगळे सामान त्यात मावत होते. लोकांनी तेच घर घेतले.

१९/
भिंतीमुळे नाइलाजाने बाहेर राहिलेलेही होते : थेट यंत्राशी बोलणारे प्रोग्राम. एनटी कोणत्याही प्रोग्रामला उपकरणाला हात लावू देत नसे. मधे खास लिहिलेला काल्पनिक ड्रायव्हर लागे. पुण्यातील सी-डॅकच्या 'जिस्ट' कार्डाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या संशोधनातून घडलेले हे कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या अक्षर-पडद्यावरील इंग्रजी प्रोग्राममध्ये देवनागरी आणि इतर भारतीय लिपी उमटत. डॉसचा पडदा आणि यंत्र यांच्यामध्ये कोणी नाही, या गृहीतकावरच ही किमया उभी होती. खिडकीतल्या डॉसचा पडदा ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः रंगवू लागली, तेव्हा अशा किमयेला जागाच उरली नाही.

२०/
भिंत कितीही भक्कम असली तरी काळ तिच्यातून झिरपतोच. डॉसचे प्रोग्राम रिकामे असताना कळ दाबली गेली का, हे अखंड विचारत बसत आणि प्रोसेसरचा सगळा वेळ खात. म्हणून ओएस/२ आणि विंडोज यांना असा रिकामपणा ओळखण्याची सोय करावी लागली. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या कित्येक प्रोग्रामचे तर निराळेच झाले. सुरुवातीला ते यंत्राचा वेग मोजत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसर इतके वेगवान झाले की तो भागाकार ठरलेल्या जागेत मावेना, आणि प्रोग्राम 'रनटाइम एरर २००' म्हणून सुरू होताक्षणीच बंद पडू लागले. मेमरीला कुंपण घालता आले. वेगाला घालता आले नाही.

२१/
२००१ या वर्षी दोन्ही प्रमुख घराण्यांनी जुने घर सोडले. मार्चमध्ये ॲपलने मॅक ओएस एक्स आणली आणि जुन्या प्रोग्रामसाठी 'क्लासिक' नावाचा निवारा दिला. त्यात अख्खी मॅक ओएस ९ एका प्रक्रियेत चाले आणि सगळे जुने प्रोग्राम तिच्या आत एकत्र राहत. कोसळले तर सगळे मिळून, पण नवी सिस्टीम उभी. ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने एनटीचा पाया घराघरांत नेला. पुढच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या. स्टीव्ह जॉब्स यांनी २००२ मध्ये मंचावर शवपेटी आणून मॅक ओएस ९ चे अंत्यसंस्कारच केले. २००६ च्या इंटेल मॅकवर क्लासिक नव्हतेच. विंडोजने मात्र आपले भाडेकरू सांभाळले.

२२/
या सांभाळण्याची एक किंमत जानेवारी २०१० मध्ये उघड झाली. गूगलमधील सुरक्षा-संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवून दिले की एनटीव्हीडीएमला साहाय्य करणाऱ्या विंडोजच्या गाभ्यातील भागात एक भगदाड आहे. त्यातून कोणताही सामान्य वापरकर्ता संपूर्ण यंत्राचा ताबा घेऊ शकत असे. दोष १९९३ च्या एनटी ३.१ पासून विंडोज ७ पर्यंतच्या ३२ बिट आवृत्त्यांत होता. ज्या भिंतीने घराचे रक्षण करायचे, तिच्याच पायात सतरा वर्षे बीळ होते. त्यावर तात्पुरता उपाय एकच सुचवला गेला : १६ बिट प्रोग्राम चालवणेच बंद ठेवा.

२३/
फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती पाठवली आणि काही संगणक सुरूच होईनात. पडद्यावर निळी चौकट. शोध घेतल्यावर कळले की त्या यंत्रांत 'अल्युरॉन' हा छुपा उपद्रवी प्रोग्राम आधीच दडून बसला होता. विंडोजच्या गाभ्यातील ठराविक पत्ते तो गृहीत धरत असे. दुरुस्तीने ते पत्ते सरकले आणि चोराच्या चुकीने घर बंद पडले. जुन्या सवयींवर विसंबण्याचा दोष केवळ जुन्या प्रामाणिक प्रोग्रामचा नव्हता, तो चोरांचाही होता.

२४/
खरा शेवट मात्र चोरांमुळे आला नाही, तो प्रोसेसरच्या बदलामुळे आला. एएमडीने २००३ मध्ये आणलेल्या ६४ बिट रचनेत, पूर्ण ६४ बिट अवस्थेत, व्हर्च्युअल ८०८६ मोड ठेवलेला नाही. डॉसच्या खोल्यांचा आधारच गेला. १६ बिट विंडोजच्या प्रोग्रामसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेले मुख्य कारण तेच जुने, हँडलचे : ६४ बिट विंडोजमध्ये ओळख-क्रमांकाचे ३२ बिट अर्थपूर्ण असतात; ते छाटून १६ बिटांत दिले तर माहिती हरवते. दुभाष्याकडे आता पुरेसे शब्दच नव्हते. २००५ च्या ६४ बिट एक्सपीपासून एनटीव्हीडीएम वगळले गेले.

२५/
वगळल्यावर एक गमतीदार अडचण पुढे आली. कित्येक ३२ बिट प्रोग्राम स्वतः नवे होते, पण त्यांना संगणकात बसवणारा इन्स्टॉलर १६ बिट होता. घर नवे, पण दाराची किल्ली जुनी. त्यासाठी ६४ बिट विंडोजला काही प्रचलित इन्स्टॉलर ओळखून त्यांच्या जागी ३२ बिट पर्याय चालवण्याची सोय करावी लागली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये आणखी मोठा उपाय आला, 'एक्सपी मोड'. एका प्रोग्रामला खोली देण्याऐवजी संपूर्ण विंडोज एक्सपीच एका काल्पनिक संगणकात. तोही निवारा अल्पायुषी ठरला, कारण ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीची देखभाल थांबली.

२६/
ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिट आहे. १९९३ मध्ये उघडलेले एनटीव्हीडीएमचे दार तिच्यात नाही. जुने प्रोग्राम आता प्रामुख्याने अनुकरणात जगतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले 'डॉसबॉक्स' संपूर्ण जुन्या संगणकाची नक्कल करते. प्रोसेसरकडून कसलीही सवलत मागत नाही. २०१५ च्या जानेवारीत इंटरनेट आर्काइव्हने त्याच आधारावर डॉसचे हजारो खेळ ब्राउझरमध्ये खुले केले. आणि कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी सर्वांत सोपी भिंत निवडली : वर्डस्टार ४.० साठी इंटरनेटशी न जोडलेला स्वतंत्र डॉस संगणक.

२७/
खेळ वाचले, पण सगळ्यांचेच नशीब तसे नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, विंडोजने तिला आधार दिला तो विंडोज २००० मध्ये. त्याआधीची कितीतरी मराठी अक्षरजुळणी विशिष्ट फाँट आणि विशिष्ट प्रोग्राम यांच्या खाजगी संकेतांत बांधलेली आहे. प्रोग्राम चालेनासा झाला आणि फाँट हरवला की त्या फाइलमध्ये उरतात इंग्रजी अक्षरांचे निरर्थक पुंजके. एखाद्या संस्थेचा अहवाल, प्रकाशकाच्या कपाटातील पुस्तकाची मूळ प्रत, कार्यालयाच्या फॉक्सप्रोमधील नोंदी : यांच्यासाठी जुना प्रोग्राम ही हौस नाही, कुलपाची एकमेव किल्ली आहे.

२८/
सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम ब्राउझर आणला, तो टॅबागणिक स्वतंत्र प्रक्रिया हे तत्त्व घेऊन : एक पान कोसळले तर बाकीची उभी राहावीत. मेमरी फार खातो ही त्याच्याविरुद्धची तक्रार आजही ऐकू येते. एनटी ३.५ च्या चौकोनातील प्रश्न तो हाच. स्वातंत्र्य हवे तर जागा लागते. जागा वाचवायची तर शेजाऱ्याच्या चुकीत वाटा घ्यावा लागतो. १९९४ मध्ये तो निर्णय वापरकर्त्यावर सोडला होता. आज तो सिस्टीमच घेते, आणि बहुतेक वेळा भिंतीच्या बाजूने घेते.

२९/
या इतिहासात जुन्या प्रोग्रामना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्या यंत्रावर ते जन्मले तिथे भिंत नव्हती. तिथल्या रीतीप्रमाणे ते वागले. त्यांना जगवणाऱ्या अभियंत्यांनी त्यांचे वागणे न बदलता त्यांच्याभोवतीचे जग तसेच ठेवले आणि त्या जगाला कडी लावली. एनटीव्हीडीएमच्या रूपाने ती व्यवस्था १९९३ पासून सुमारे तीन दशके विंडोजच्या कोणत्या ना कोणत्या आवृत्तीत टिकली. तेवढा काळ ही खरे तर मुदतवाढ होती : खोलीतील कागदपत्रे नव्या घरात नेऊन ठेवण्यासाठी मिळालेली. ज्यांनी ती नेली त्यांचे काही गेले नाही. ज्यांनी खोली कायमचीच आहे असे मानले, त्यांचे कागद आजही आत आहेत, आणि दार बाहेरून उघडत नाही.